थांबा, टेलपासून सुरुवात झाली आहे

माझ्या धंद्याची ओळख करून द्यायची तर एका वाक्यात होते: मी लोकांना थांबवते. बटण दाबल्यापासून उत्तर येईपर्यंत संगणकाच्या पडद्यावर जे 'कृपया थांबा' म्हणणारं पान दिसतं आणि ज्याला सगळं जग शिव्या घालतं, ते बनवणारी बाई मी. बारामतीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. खाली दिवसभर कुणीतरी काहीतरी ठोकून बघत असतं आणि वर आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. इतकी वर्षं झाली तरी माझ्या चुलत्यांना वाटतं की मी टायपिंगची कामं घेते. मी खुलासा करणं सोडून दिलं आहे.

पण हे थांबण्याचं पान म्हणजे काय चीज आहे हे एकदा सांगितलंच पाहिजे. साधी वेबसाइट म्हणजे दुकानदाराला साखर मागितली, त्याने लगेच तोलून दिली. काही प्रश्न मात्र असे असतात की दुकानदाराला आत गोदामात जाऊन तासभर शोधावं लागतं. तोवर गिऱ्हाईक गल्ल्यासमोर उभं राहिलं तर मागची रांग तुंबते. शिवाय ब्राउझर हा अतिशय उतावळा प्राणी. थोडा वेळ उत्तर आलं नाही की तो 'काही नाही मिळत' म्हणून पांढरं पान दाखवतो आणि मोकळा होतो. माणूस त्याहून उतावळा.

यावरचा उपाय मी कुठल्याच पुस्तकातून शिकले नाही. माझं गाव वडगाव निंबाळकर. लहानपणी संध्याकाळी मी दूध घालायला डेअरीवर जायची. डेअरी उघडायला वेळ असायचा. पण रांगेत माणसं कधीच नसायची, नुसत्या किटल्या असायच्या. आपली किटली रांगेत ठेवायची आणि दळण आणायला जायचं, नाहीतर पारावर गप्पा मारायला. मधून मधून एखादं पोरगं डोकावून यायचं, 'आला का नंबर?' किटली तुमच्या जागी उभी असायची आणि दुसऱ्याची किटली कुणी सरकवत नसे. गावात बांधावरून डोकी फुटली असतील, पण किटली सरकवल्याचं मी कधी ऐकलं नाही. वेबसाइटवरही आम्ही तेच करतो. तुमचा प्रश्न घेतो, तो रांगेत ठेवतो, तुम्हाला लगेच एक पान देतो, आणि ते पान दर काही सेकंदांनी गुपचूप आत जाऊन विचारून येतं, 'झालं का?' झालं की उत्तर दाखवतं. एवढंच माझं शास्त्र.

आता यात गिऱ्हाइकं कशी भेटतात बघा. इंदापूरला एकाचं वधूवर केंद्र होतं. पत्रिका, शिक्षण, शेती, उंची असं सगळं जुळवून स्थळं सुचवणारा प्रोग्रॅम मी त्याला करून दिला. खूप मेहनतीने तो वेगवान केला आणि कौतुकाच्या अपेक्षेने दाखवायला गेले. गृहस्थाचं तोंड पडलं.

"म्याडम, हे लई लवकर होतंय," तो म्हणाला. "पोरीचा बाप समोर बसल्याला असतुया. शिंक यायच्या आत उत्तर आलं तर तो म्हणतो, तुमी बघितलंच न्हाय. जरा गोल गोल फिरवा की!"

मी हसले आणि साफ नाही म्हटलं. काम झालेलं असताना उगाच थांबवणं म्हणजे माझ्या मते चक्क खोटं बोलणं. तो बिचारा हिरमुसला. त्याच्या बोलण्यात काही दम होता हे कळायला मला कळसकडची पाणीवापर संस्था भेटावी लागली.

ज्यांच्या शेतातून कालवा जात नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कालव्याचं पाणी रोज नसतं, आवर्तन सुटलं की येतं. मग ते चारीतून, म्हणजे कालव्याच्या छोट्या पाटातून, एकेकाच्या रानात फिरतं. चारीच्या तोंडाशी ज्यांची जमीन ते 'हेड'चे, शेवटाला ज्यांची ते 'टेल'चे. हेडचा माणूस आपल्या रानाचं दार उघडून बसला की टेलला ओल सोडा, बातमीसुद्धा पोचत नाही. म्हणून या संस्थेने ठरवलं की पाणीपाळी टेलपासून लावायची, आणि ती माणसाने न लावता प्रोग्रॅमने लावायची. ठराव मांडला होता सुवर्णाने. सुवर्णा संस्थेची सचिव. शेतीची पदवी घेतलेली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. अडचण एकच होती. ती टेलच्याच धोंडीआबांची सून होती.

त्यामुळे हेडवाले म्हणत, ही सासऱ्याच्या रानात पाणी नेणार. टेलवाले म्हणत, प्रोग्रॅम बारामतीहून आलाय, तो मोठ्यांचंच ऐकणार. दोन्ही बाजूंना संशय असल्यामुळे ठराव मात्र एकमताने पास झाला. सुवर्णाने भर सभेत सांगून टाकलं होतं, "पाळी टेलपास्नं आणि सरळ लागली न्हाय, तर मी सचिवपद सोडीन. मग तुमी हाय आणि तुमची कुऱ्हाड-फावडी हायत." ती गेली असती तर परत पहिले पाढे पंचावन्न झाले असते, जो दांडगा त्याचं पाणी.

पाळी लावणं हे दिसतं तितकं सोपं नाही. कुणाचा ऊस, कुणाचा मका, कुणाचं डाळिंब. कुणाची जमीन दोन ठिकाणी, तर त्याला एका वेळी दोन्हीकडे दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला, उभं राहता येत नाही. मागच्या खेपेला रात्रीची पाळी ज्याला आली त्याला या वेळी दिवसा द्यायची. वाटेत पाणी जिरतं ते वेगळंच. एकाची वेळ हलवली की सगळी माळ हलते. संगणक हजारो मांडण्या करून बघतो आणि त्यातली सगळ्यांना बरी पडणारी निवडतो. आमच्या भाड्याच्या सर्व्हरवर याला निवांत चहा पिऊन व्हावा एवढा वेळ लागायचा.

पहिल्या आवर्तनाचा दिवस. पाणी कालव्यात सुटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या दाराशी, म्हणजे चारीच्या तोंडाशी, येणार होतं. दुपारी सभा भरली. भिंतीवर प्रोजेक्टर, समोर सगळे सभासद. पारदर्शक कारभार म्हणून सुवर्णाने वेबसाइटची लिंक आधीच सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवली होती. मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. भिंतीवर गोल चाक फिरायला लागलं. 'कृपया थांबा.'

चाक फिरतंय, फिरतंय, फिरतंय.

हेडचे बाजीतात्या पुढच्या खुर्चीत बसले होते. पांढरी टोपी, मोठा आवाज, मनाने वाईट नव्हेत पण पहिल्या पाण्याची सवय झालेले. ते म्हणाले, "चरक तर फिरतुया, रस कुठं हाय?"

हशा झाला. आणि मग ते चाक एकदम थांबलं. पांढरं पान. मी पुन्हा उघडलं तर सर्व्हर गप्प. लॅपटॉपवर आत जाऊन पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना. सभेतल्या प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवरून बटण दाबलं होतं. एकदा नाही, दाबतच सुटले होते! जितक्या वेळा दाबलं तितकी अख्खी गणितं सुरू झाली होती आणि बिचारा सर्व्हर सगळ्यांखाली चेंगरला होता.

"अहो, पण तुम्ही सगळे का दाबताय?" मी जवळजवळ ओरडलेच.

धोंडीआबा शांतपणे म्हणाले, "नंबर लावाय नगं व्हय? जो आदी दाबंल त्येचा नंबर आदी."

"मग त्ये बगितलं म्हणून आमी बी लावला," बाजीतात्या म्हणाले. "टेलवाले दाबत्यात आन आमी काय बगत बसायचं?"

त्यांचं काय चुकलं? डेअरीवर किटली, गिरणीत डबा, आधारकार्डाच्या केंद्रावर चप्पल. आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी इथे केलं होतं. किटल्यांची रांग बघत वाढलेली मी, आणि बटण म्हणजे यांना किटली वाटेल हे माझ्याच डोक्यात आलं नव्हतं.

मागून आवाज उठले. "बंद करा ह्ये!" "जुनंच बरं हुतं!" सुवर्णा कोपऱ्यात उभी होती. चेहरा दगडासारखा. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, सांजच्याला पाळी लागली न्हाय तर सकाळी हेडची दारं उघडत्यात. मग मी सभंत काय बोलले त्येला काय किंमत ऱ्हाती?"

"चहा सांग सगळ्यांना," मी म्हटलं. "कुणाला घरी जाऊ देऊ नकोस."

आणि त्या सभागृहातच, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं काम केलं. खरंच सांगते, असा आनंद मला मोठमोठ्या कामांत मिळाला नाही. दहाजण खांद्यावरून डोकावतायत, कुणी बिस्कीट पुढे करतंय, कुणी विचारतंय 'ह्यो कंस कशापाई', आणि माझी बोटं पळतायत! मी दोन गोष्टी बदलल्या. एक, कुणीही कितीही वेळा दाबलं तरी गणित एकच चालायचं आणि सगळ्यांना तेच एक पान दिसायचं. आणि दुसरं, ते गोल चाक मी काढून फेकलं. त्याच्या जागी आत खरोखर काय चाललंय ते लिहिलं. गणित ज्याच्या रानापर्यंत पोचलं असेल त्याचं नाव पानावर यायचं, टेलपासून हेडकडे. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात ओळ टाकली: 'थांबा, टेलपासून सुरुवात झाली आहे. पुन्हा दाबल्याने नंबर बदलत नाही.'

पुन्हा बटण दाबलं. ओळ भिंतीवर आली. कुणीतरी ती मोठ्याने वाचली. आणि खाली पहिलं नाव उमटलं, चारीच्या अगदी शेवटच्या रानाचं. मग दुसरं. मग तिसरं. टेलच्या लोकांची नावं संस्थेच्या कागदावर नेहमी शेवटच्या पानावर असायची. भिंतीवर ती पहिल्यांदा वर होती. एक म्हातारी आपल्या नातवाला विचारत होती, "आलं का रं आपलं? कुठं हाय?" आणि नाव आल्यावर ती चक्क टाळ्या वाजवायला लागली. लोक थांबले होते, पण एकालाही थांबल्यासारखं वाटत नव्हतं.

त्या आवर्तनात टेलला पाणी पोचलं. सुवर्णाने चारीच्या शेवटाला उभी राहून मला व्हिडिओ पाठवला. त्यात पाण्यापेक्षा तिचं हसणंच जास्त ऐकू येत होतं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मी पडले कारागीर. गणित हळू चालतं हे मला झोंबत होतं. पुढच्या हंगामापर्यंत मी ते सगळं नव्याने लिहिलं आणि बरा सर्व्हर घेतला. चहा पिऊन व्हायचं ते गणित आता डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायला लागलं. मी स्वतःवर भलतीच खूश होते. थांबण्याचं पान काढूनच टाकलं. लागतंय कशाला आता?

सभा भरली. सुवर्णाने बटण दाबलं. फटकन सगळी पाणीपाळी भिंतीवर.

मी टाळ्यांची वाट बघत होते. मग बाजीतात्या उठले. टोपी काढली, झटकली, परत घातली.

"सुवर्णाबाई, ह्ये घरनं करून आणलंत व्हय?"

"तात्या, असं कसं? तुमच्या म्होरंच दाबलं की."

"दाबलं, पर चाललं कुठं? मागल्या बारीला मी माझ्या डोळ्यांनी बगितलं, एकेक नाव लागत हुतं. आज तर तयारच माल बाहीर आला."

आणि गंमत म्हणजे टेलवालेही माना डोलवायला लागले. आता त्यांना वाटलं, हेडवाल्यांनीच सुवर्णाला गाठलं असणार. सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर कष्टाने कमावलेला विश्वास माझ्या वेगाने पापणी लवायच्या आत घालवला होता. मला इंदापूरचा तो वधूवर केंद्रवाला आठवला. गोल गोल फिरवा की! एक ओळ लिहिली असती तर झालं असतं, खोटं चाक फिरलं असतं आणि सगळे खूश. पण ज्या सभेत माझ्या मैत्रिणीच्या खरेपणाचा प्रश्न होता तिथे मी खोटं चाक फिरवणार नव्हते. ते चाक उद्या कुणी उघडं पाडलं असतं तर सुवर्णाच त्याखाली सापडली असती.

मग पाणी येईपर्यंत सभा तहकूब केली आणि आम्ही दोघींनी बसून एक वेगळीच युक्ती काढली.

संस्थेच्या दाराशी पाण्याची उंची दाखवणारी पट्टी असते. तिच्यावरून किती पाणी येतंय ते कळतं, आणि त्यावर सगळी पाळी अवलंबून असते; आजवर आम्ही तो आकडा अंदाजाने धरत होतो. आवर्तनाचं पाणी दाराशी आलं की पट्टी वाचायची ती बाजीतात्यांनी, सोबत टेलचा एकजण. तिथून दोघांनी सरळ सभेत यायचं, आकडा तात्यांनी स्वतः घालायचा आणि बटणही त्यांनीच दाबायचं. पट्टीवरचा आकडा आधी कुणालाच माहीत नसतो, तेव्हा घरून करून आणायचा प्रश्नच मिटला. आणि पानावर खरं तेच लिहायचं. 'गणित झालं आहे. वाचन चालू आहे.' मग एकेक नाव, वाचता येईल इतक्या संथपणे, आणि प्रत्येक नावापुढे कारण. याला दिवसा का, त्याला रात्री का, हे कसं ठरलं, सगळं.

ती सभा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तात्या मोटारसायकलवरून उतरले ते थेट लॅपटॉपकडे. चारचौघांत एका बोटाने आकडा दाबला. सुवर्णा मुद्दाम लांब, दरवाजाजवळ बायकांच्यात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे दिसतील असे बांधलेले. तात्यांनी बटण दाबलं.

"गणित झालं," पोरांनी एका सुरात वाचलं. "वाचन चालू आहे!"

नावं यायला लागली. पहिलं, दुसरं. कारणं वाचून लोक हसत होते, मान डोलवत होते. 'मागच्या खेपेला रात्रीची होती म्हणून दिवसा.' "बरोबर हाय!" 'डाळिंब आहे म्हणून कमी वेळ.' "ह्ये बी बरोबर!" आणि मग पुढचं नाव आलं. धोंडीआबा. पाळी रात्रीची. कारण: 'पाणी कमी, प्रत्येकाला वेळ जास्त, म्हणून रात्रीच्या पाळ्या वाढल्या. यांना मागच्या खेपेला दिवसा मिळाली होती.'

सगळ्यांच्या माना आधी आबांकडे वळल्या, मग दरवाजाकडे. सुवर्णाचे बांधलेले हात पांढरे पडले होते. घरी जाऊन त्याच माणसाला जेवायला वाढायचं होतं तिला.

आबा काठी टेकत उठले. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती, त्यामुळे उघड्या रानात रात्र काढणं त्यांना नवं नव्हतं. पण वय झालं होतं. त्यांनी भिंतीवरचं आपलं नाव नीट वाचलं, मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "वाचलं का समद्यांनी? माझ्याच सुनंनं मला रातीच्या वलाव्यात घातलंय. आता कोण म्हणतुय ती समद्यांचं पाणी घरात वढती?"

बाजीतात्या लॅपटॉपसमोर अजून तसेच बसले होते, बोट बटणावर. ते बोट त्यांनी काढलं आणि मागे वळले.

"आबा," ते म्हणाले, "रातच्याला मी येतो तुमच्या संगं. बॅटरी माझी, च्या तुमच्या सुनंचा."

"या की," आबा म्हणाले. "पर दार मीच धरनार. तुमच्या हाताला सवय हेडची हाय."

असा काही हशा उसळला की प्रोजेक्टरची भिंतसुद्धा हलल्यासारखी वाटली. मीही हसत होते. दरवाजाकडे पाहिलं तर सुवर्णाने बांधलेले हात सोडले होते आणि पदर तोंडावर धरून ती रडत होती, अगदी उघडपणे, आणि शेजारच्या बायका तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या.

वाचन मात्र थांबलं नव्हतं. भिंतीवर पुढचं नाव येत होतं. तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ऐका रं," ते म्हणाले. "अजून हेडची नावं यायची हायत. जरा थांबा."